बॉनॉमची तिसरी घळ: आल्प्समधला उरलेला बर्फ आणि एका कुटुंबाची तयारी

हे प्रकरण जून २०२४ मधलं. पुण्यातलं पन्नाशी ओलांडलेलं एक जोडपं, म्युनिकला नोकरी करणारी त्यांची मुलगी आणि जावई असे चौघं ‘तूर द्यु माँ ब्लाँ’ला, म्हणजे माँ ब्लाँ पर्वताच्या प्रदक्षिणेला निघाले. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी ही वाट सुमारे १७० किलोमीटरची. चढाची बेरीज १०,००० मीटरच्या आसपास. साधारण दहा-अकरा दिवस लागतात. दोर लावावा अशी चढाई कुठे नाही. मुक्कामाला रेफ्यूज असतात, म्हणजे गादी आणि गरम जेवण देणारे डोंगरातले निवारे. हरिश्चंद्रगड, रतनगड नेमाने करणाऱ्याला ही वाट आवाक्यातली वाटते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती असतेही.

तयारीत मी त्यांच्याबरोबर होतो, वाटेवर नव्हतो. बाबा माझे ट्रेकमधले जुने मित्र, मुलगी मला काका म्हणते. चौघांच्या परवानगीने आणि नावं गाळून लिहितो आहे. दर वर्षी उन्हाळा आला की मला कुणी ना कुणी विचारतं, “जूनमध्ये तिकडे बर्फ किती असेल?” या प्रश्नाच्या उत्तराने काहीच ठरत नाही. बर्फ कोणत्या उतारावर उरला आहे, त्याच्या खाली काय आहे आणि तुम्ही तिथे किती वाजता पोहोचणार, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. या कुटुंबाला बर्फाच्या तीस मीटर रुंदीच्या एका पट्ट्याने परत पाठवलं. त्यानंतर दोनच दिवसांनी तेच चौघं किलोमीटरभर बर्फ तुडवत एका खिंडीत जाऊन आले, आणि हे दोन्ही निर्णय बरोबर होते.

जूनच का

जानेवारीत बुकिंग करायला बसले तेव्हा जुलै-ऑगस्टच्या बहुतेक जागा गेल्या होत्या. जूनच्या मध्याच्या मात्र सहज मिळत होत्या. रेफ्यूज साधारण तेव्हाच उघडतात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून बंद होऊ लागतात. उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जागा शिल्लक राहतात, कारण त्या आठवड्यात वरच्या खिंडी अजून बर्फातून निघालेल्या नसतात हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. आपण मात्र रेफ्यूज उघडलं म्हणजे वाट खुली झाली असं धरून चालतो. आपल्याकडे तो आठवडा पावसाळ्याचा. आल्प्समध्ये २,००० मीटरच्या वर तेव्हा कुठे वसंत सुरू झालेला असतो.

मुलीने २०२२ च्या जूनमधले कोरड्या वाटेचे फोटो पाहिले होते. त्यावरूनच तिने तारखा पक्क्या केल्या. पण २०२२ हे वर्ष फार वेगळं होतं. त्या हिवाळ्यात बर्फ कमी पडला, वसंतात सहाराची धूळ येऊन बसली आणि उन्हाळा लवकर तापला. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या घनफळाचे सुमारे ६ टक्के गमावले. २०२४ ची गत उलटी होती. हिवाळा उबदार होता, त्यामुळे खालच्या गावांत पाऊस आणि वर उंचावर बर्फ, असं महिनोन्‌महिने चाललं. हिवाळा संपताना स्विस हिमनद्यांवर सरासरीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त बर्फ मोजला गेला. खाली दरीत उभं राहून पाहणाऱ्याला सगळं हिरवंगार दिसावं आणि २,२०० मीटरच्या वर हिवाळा तसाच पडून असावा, असं ते वर्ष होतं.

तारखा बदलणं शक्य नव्हतं. व्हिसा, रजा, विमानाची तिकिटं, सगळं झालेलं. त्यामुळे त्या तारखांमध्ये कोणकोणत्या वाटा चालता येतील, हे शोधणं एवढंच माझ्या हातात होतं.

घरी बसून केलेलं काम

बहुतेक लोक या तयारीची सुरुवात खरेदीने करतात. आम्ही नकाशाने केली. वाटेवरच्या उंच खिंडींची यादी काढली: बॉनॉम २,३२९ मीटर, तिथून पुढे क्रुआ द्यु बॉनॉम सुमारे २,४८०, पर्यायी वाटेवरची फूर २,६६५, फ्रान्स-इटलीच्या सीमेवरची सेन्य २,५१६, इटली-स्वित्झर्लंड सीमेवरची ग्राँ कोल फेरे २,५३७, पर्यायी वाटेवरची आर्पेत २,६६५, बाल्म सुमारे २,२०० आणि शेवटी माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी या फ्रेंच गावाच्या डोक्यावरचं ब्रेवाँ शिखर २,५२५. निव्वळ उंचीवरून पाहिलं तर बॉनॉम या यादीत जवळजवळ तळाशी येते. बाबांचं मत होतं की काळजी करायची तर फेरे आणि सेन्यची.

मग फ्रान्सच्या आयजीएन या नकाशा संस्थेचा उताराचा नकाशा उघडला. त्यात ३० ते ३५ अंशांचे उतार पिवळे दिसतात, ४० पर्यंतचे नारिंगी, ४५ पर्यंतचे लाल आणि त्यापुढचे जांभळे. फ्रान्सच्या हद्दीत वाट जिथे जिथे पिवळ्यात किंवा त्याहून गडद रंगात शिरते, तिथे मुलीने खूण केली. सेन्यजवळ जवळपास काहीच रंग नाही, ती रुंद, पसरट खिंड आहे. बॉनॉम ते क्रुआ द्यु बॉनॉम हा टप्पा मात्र सगळा आडवा. डोंगराच्या कुशीतून ट्रॅव्हर्स मारत, एकामागून एक घळी ओलांडत वाट जाते. उतार पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे ऊन उशिरा येणार. उंचीने कमी असलेला हा टप्पा आमच्या यादीत सगळ्यात वर आला.

आडव्या वाटेचं गणित नीट समजून घ्यायला हवं. सरळ चढावर बर्फ लागला तर पाऊल रुतवत चढता येतं आणि घसरलात तरी बरेचदा आपल्याच पावलांत येऊन थांबता. ट्रॅव्हर्सवर पायवाट बर्फाखाली पूर्ण गायब होते आणि उताराचा कोन आहे तसा उघडा पडतो. उन्हाळ्यात फूटभर रुंद सपाट वाट असते, म्हणून ती जागा अवघड होती हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. तोच उतार वाटेविना ३५ अंशांचा गुळगुळीत फलक होतो. आपल्या नाळा उतरताना घसारा लागला की आपण सरळ बूड टेकून उतरतो, ती सवय अंगात मुरलेली असते. गोठलेल्या बर्फावर बूड टेकलं की घसरण तिथूनच सुरू होते. हे मी बाबांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते वैतागले, पण सह्याद्रीत घडलेल्या माणसाला हेच सगळ्यात आधी विसरावं लागतं.

मेच्या मध्यापासून मुलगी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं पाहू लागली. ती फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं आणि ढग नसतील तर बर्फाची रेषा स्पष्ट दिसते. आठवड्यागणिक ती रेषा वर सरकताना पाहून सगळ्यांना हुरूप यायचा. या चित्रांची एक मर्यादा आहे आणि ती फसवी आहे. त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटरचा असतो. घळीत चिकटून राहिलेला पाच-सात मीटरचा पट्टा त्यात आजूबाजूच्या खडकात आणि गवतात मिसळून जातो. चित्रात मोकळी दिसणारी घळ प्रत्यक्षात भरलेली असू शकते. मोसम कुठवर आला हे कळण्यासाठी उपग्रह चांगला, पण एखादी घळ ओलांडता येईल का हे त्याला विचारू नये.

ते विचारायचं ठिकाण म्हणजे रेफ्यूजचा रखवालदार, ज्याला तिकडे गार्दियाँ म्हणतात, आणि शामोनीतलं ला शामोनियार्दचं कार्यालय. ही संस्था डोंगरातल्या सुरक्षिततेचं काम करते आणि तिथे प्रदक्षिणेच्या वाटेची ताजी स्थिती सांगितली जाते. कसं विचारायचं हेही आम्ही ठरवलं. “बर्फ आहे का?” या प्रश्नाला “हो, थोडा” एवढंच उत्तर मिळतं आणि त्याने काहीच कळत नाही. मुलीने विचारायचे प्रश्न असे होते: दोन बॉनॉममध्ये बर्फाचे किती पट्टे उभ्या उतारावर आहेत? काल कुणी क्रॅम्पॉनशिवाय, म्हणजे बुटाखाली बांधायच्या लोखंडी दातांशिवाय, गेलं का? पट्ट्यांच्या खाली गवत आहे की खडक? सकाळी किती वाजता बर्फ मऊ होतो? निघण्याच्या आदल्या दिवशी उत्तर मिळालं: तीन-चार पट्टे, पावलांचे माग पडलेले, सकाळी कडक, क्रॅम्पॉन असलेले बरे.

या सगळ्यावरून आम्ही एक पान तयार केलं. माझ्या मते सगळ्या तयारीतली सगळ्यात मोलाची वस्तू हे पान होतं. प्रत्येक खिंडीपुढे चार रकाने: कोणत्या वेळेपर्यंत ओलांडली पाहिजे, काय दिसलं तर मागे फिरायचं, मागे फिरून कुठे जायचं, आणि पुढचा मुक्काम दुसऱ्या मार्गाने कसा गाठायचा. शामोनीहून माँ ब्लाँ बोगद्यातून इटलीतल्या कुर्मायरला बस जाते. कुर्मायरहून आओस्तामार्गे, ग्राँ साँ बेर्नार बोगद्यातून स्वित्झर्लंडमधल्या मार्तिन्यीला जाता येतं आणि तिथून गाडी-बसने पुन्हा वाटेवर. या प्रदक्षिणेचं हे भाग्यच म्हणायचं की जवळपास प्रत्येक खिंडीला खालून वळसा आहे. दोन दिवस मोकळे ठेवले, त्या दोन रात्रींचे पैसेही अंदाजपत्रकात धरले. मागे फिरण्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असतील तर डोंगरात निर्णय घेताना बुडालेल्या बुकिंगचा विचार मध्ये येत नाही.

सामान

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. बाबा, मुलगी आणि जावई यांच्याकडे दहा दातांचे चालण्याचे क्रॅम्पॉन आणि एकेक हलकी बर्फकुऱ्हाड, म्हणजे आईस-अ‍ॅक्स. आईंना कडक तळव्याचे बूट गुडघ्यामुळे झेपत नव्हते, म्हणून त्यांनी मऊ बूट आणि मायक्रोस्पाइक्स घेतले. मायक्रोस्पाइक्सचे दात सेंटिमीटरभराचे असतात आणि ते रबराच्या पट्ट्याने बुटाला धरून राहतात. सपाट किंवा हलक्या उतारावर ते उत्तम काम देतात. उभ्या ट्रॅव्हर्सवर मात्र पाय तिरका पडला की रबर सरकतं आणि दात बाजूला जातात. म्हणून पानावर ठळक लिहिलं: ज्या पट्ट्याखाली खडक किंवा पाणी आहे, तो चौघांपैकी एकाकडे जरी क्रॅम्पॉन आणि अ‍ॅक्स नसेल तरी ओलांडायचा नाही. गटाची क्षमता सगळ्यात कमी सामान असलेल्या माणसाएवढीच असते.

अ‍ॅक्स नुसती पाठीला लावून उपयोग नाही. घसरल्यावर पालथं होऊन तिचं टोक बर्फात रुतवायला दोन-तीन सेकंद मिळतात. त्यानंतर वेग इतका झालेला असतो की अ‍ॅक्स हातातून निसटते. ही हालचाल पुण्यात शिकता येत नाही. हिमालयातल्या गिर्यारोहण संस्थांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ती पक्की करून घेतात. या तिघांनी शामोनीत पोहोचल्यावर गाइडबरोबर अर्धा दिवस, खाली सपाटी असलेल्या सुरक्षित उतारावर तिचा सराव केला. अर्ध्या दिवसात माणूस तरबेज होत नाही. पण थांबणं किती अवघड आहे हे अंगाला कळतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायची आवरणं, चौघांनाही. गॉगल चांगल्या प्रतीचे, बाजूने झाकलेले. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि जुना मळलेला बर्फ त्याहून कमी फेकत असला तरी दिवसभरात डोळे लाल व्हायला तो पुरेसा असतो. विम्याची कागदपत्रं मुलीने नीट वाचली, हे फार बरं केलं. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण तो घेतला म्हणजे डोंगरातली सुटका त्यात आलीच असं नाही. फ्रान्सच्या डोंगरात सरकारी पथकाने केलेल्या सुटकेचे पैसे सहसा घेत नाहीत, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल येतं. मुलीने त्यासाठी वेगळा विमा काढला.

बॉनॉमचा दिवस

पहिले दोन दिवस खालच्या दऱ्यांतून, हिरवळीतून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते ला बाल्मच्या निवाऱ्यातून, १,७०० मीटरवरून निघाले. वाटेत प्लाँ दे दाम लागतं. तिथे दगडांचा मोठा ढीग आहे. वादळात सापडून मेलेल्या एका बाईची आणि तिच्या सोबतिणीची आठवण म्हणून येणारे-जाणारे त्यावर दगड ठेवतात, अशी तिथली आख्यायिका. आईंनीही एक ठेवला.

रात्र निरभ्र होती, आणि त्याचं महत्त्व मोठं. आकाश मोकळं असलं की बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट वर सोडून देतो आणि हवेचं तापमान शून्याच्या चार-पाच अंश वर असलं तरी गोठतो. ढगांची गोधडी पांघरलेली असेल तर ही उष्णता अडते, बर्फ रात्रभर ओला राहतो आणि पहाटेच पाय गुडघ्यापर्यंत जायला लागतात. म्हणून पहाटे हवा किती गार आहे यापेक्षा रात्री आकाश कसं होतं हे पाहायचं.

सव्वाआठला ते बॉनॉम खिंडीत पोहोचले. समोरच्या ट्रॅव्हर्सवर सावली आणि पहिला पट्टा काचेसारखा चकाकत असलेला. बाबांनी बुटाची टाच मारून पाहिली, ओरखडासुद्धा उठला नाही. इथे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात. ‘बर्फावर लवकर निघा’ हा सल्ला बरोबर आहे, कारण दुपारी बर्फ मऊ होतो, पाय रुततात, हिमपूल खचतात, वरून दगड सुटतात. ‘कडक बर्फावर जाऊ नका’ हाही सल्ला बरोबर आहे, कारण सामान आणि सराव नसलेल्याला कडक ट्रॅव्हर्ससारखी धोक्याची जागा नाही. पहिला सल्ला क्रॅम्पॉनवर सहज चालणाऱ्यांचा आहे. आपल्यासारख्यांना मधली एक खिडकी शोधावी लागते, वरचा तीन-चार सेंटिमीटरचा थर मऊ झाला आहे आणि खालचा अजून घट्ट आहे, अशी. पश्चिमेकडच्या उतारावर ही खिडकी उशिरा उघडते. पानावर तिची वेळ होती: साडेनऊ ते साडेअकरा.

खिंडीत लाकडाचं छोटंसं आडोशाचं खोपटं आहे. चौघं तिथे बसून राहिले. चहा प्यायले. क्रॅम्पॉन लावलेली एक जोडी खटखट आवाज करत निघून गेली. साध्या पळण्याच्या बुटांतले तीन तरुण आले, क्षणभर थांबले, काल पडलेल्या आणि रात्री गोठलेल्या पावलांच्या खळग्यांत पाय टाकत पार झाले. जावई म्हणाला, “बाबा, ते गेले की!” बाबा उठूनही उभे राहिले होते. आईंनी पान काढून पुढे धरलं. कुणी तरी पार गेलं यावरून तो माणूस घसरला नाही एवढंच कळतं. उतार आणि त्याच्याखालचे खडक तेच राहतात. शिवाय ते गोठलेले खळगे दुसऱ्याच्या पावलांच्या अंतरावर असतात, आणि बुटका माणूस दोन खळग्यांच्या मधोमध लटकतो.

दहाच्या सुमारास टाच रुतू लागली. पहिला पट्टा ओलांडला, दुसरा ओलांडला. दोन्हींच्या खाली बर्फ हळूहळू सपाट होत गवतावर संपत होता. घसरलं असतं तर भिजलं असतं, इतकंच. प्रत्येकाने एकेकट्याने, ज्यांच्याकडे होती त्यांनी अ‍ॅक्स चढाच्या बाजूच्या हातात धरून, पावलाने बाजूने लाथ मारत खाच करत ओलांडलं. आईंच्या पुढे मुलगी होती, तिने त्यांच्या पावलांच्या अंतराने खाचा केल्या.

तिसरी घळ खोल होती. पट्टा साधारण तीस मीटर रुंद. फोनवरच्या कोनमापकाने उतार ३५ अंश दाखवला. खाली वीस-पंचवीस मीटरवर बर्फ एकदम तुटलेला आणि तिथे ओढ्याचे खडक उघडे. थांबून कान दिल्यावर बर्फाच्या पोटातून पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे खालची बाजू पोकळ. वरून वळसा घ्यावा तर ओलं गवत आणि सुटा घसारा. पलीकडे रखवालदाराने सांगितलेल्यांपैकी शेवटचा पट्टा आणि त्यापुढे मोकळी वाट दिसत होती. क्रुआ द्यु बॉनॉमचं रेफ्यूज अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे त्यांच्या नावाच्या चार गाद्या होत्या.

मुलगी म्हणाली, “बाबा, पानावर हेच लिहिलंय. खाली खडक आणि पाणी. आईकडे क्रॅम्पॉन नाहीत.” बाबांचं म्हणणं होतं की आईंनी त्यांचे क्रॅम्पॉन लावावेत, ते स्वतः नुसत्या अ‍ॅक्सवर येतील. सुचायला हे अगदी स्वाभाविक आहे आणि म्हणूनच ते आधीच लिहून ठेवलेलं बरं असतं. मऊ बुटांवर कडक क्रॅम्पॉन नीट बसत नाहीत, आणि अदलाबदल केली तरी एकजण उघडा राहतोच. दोरही नव्हता. असता तरी चौघांनी एकमेकांना बांधून घेणं, मध्ये कुठे आधार पक्का केलेला नसताना, एकाच्या घसरण्याने चौघांना खाली नेणारं ठरू शकतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी ते मागे फिरले.

परतीला आधीचे दोन पट्टे एका तासात ओळखू येईनात, इतके मऊ झाले होते. दुसऱ्या पट्ट्याच्या कडेला एका मोठ्या खडकाजवळून जाताना बाबांचा पाय कमरेपर्यंत आत गेला. खडक उन्हाने तापतो, आजूबाजूचा बर्फ आतून वितळतो आणि वर पातळ कवच राहतं. म्हणून खडकाच्या अगदी लगतचा बर्फ वाटतो तितका भरवशाचा नसतो, दोन-तीन पावलं लांबून जावं. जावयाने आजूबाजूचा बर्फ अ‍ॅक्सने उकरून पाय मोकळा केला. मुरगळला नाही, हे नशीब. संध्याकाळी ते ले कोंतामिन गावात होते.

मुलीचा फोन आला. “काका, आम्ही परत आलो.” मागून बाबांचा आवाज, “अरे, समोर तीस मीटर होते फक्त!” त्यांचं वाईट वाटणं मला पूर्ण समजत होतं. तीस मीटरवरून मागे फिरणं दहा किलोमीटरवरून फिरण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. मी त्यांना एवढंच विचारलं, की या गटाला, याच सामानात, दहा वेळा ती घळ ओलांडायला लावशील का? बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “उद्याची बस किती वाजता आहे, ते बघतो.”

सेन्य, पाऊस आणि पुढचं

दुसऱ्या दिवशी बसने शामोनी आणि बोगद्यातून कुर्मायर. त्याच्या पुढच्या दिवशी ते वाल वेनीच्या दरीतून, एलिझाबेत्ता निवाऱ्यावरून इटलीच्या बाजूने सेन्य खिंडीत जाऊन आले. तिथे बॉनॉमपेक्षा किती तरी पट बर्फ होता. वरच्या भागात जिकडे पाहावं तिकडे पांढरं. पण उतार पंधरा-वीस अंशांचा, खाली मोकळं मैदान, आणि मायक्रोस्पाइक्स लावलेल्या आई सगळ्यांच्या पुढे. त्रास झाला तो वाट शोधण्याचा. खुणांचे दगड बर्फाखाली होते. मुलीने जीपीएसचा माग आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला होता. चालण्याचा वेळ उन्हाळ्याच्या पाट्यांवरच्या वेळेच्या जवळपास दीडपट लागला. जूनमध्ये मुक्काम आखताना ही दीडपट धरलीच पाहिजे, नाही तर खिडकी गाठताच येत नाही.

त्यानंतर हवा बिघडली. २१ जूनला आल्प्समध्ये जोराचा पाऊस झाला. फ्रान्समध्येच, दक्षिणेला एक्राँ पर्वतरांगेतलं ला बेरार्द हे गिर्यारोहकांचं गाव त्या दिवशी ओढ्याच्या पुराने उद्ध्वस्त झालं, स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातही पूर आले. मुरलेल्या बर्फावर उबदार पाऊस पडला की पावसाचं पाणी आणि वितळलेलं पाणी एकाच वेळी ओढ्यांत उतरतं. जूनच्या तयारीत लोक बर्फाचा विचार करतात, बर्फाखालून येणाऱ्या या पाण्याचा करत नाहीत. सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. या चौघांनी ग्राँ कोल फेरे सोडून दिली, मोकळा ठेवलेला एक दिवस कुर्मायरमध्ये घालवला आणि रस्ता व गाड्या सुरळीत असल्याची खात्री करून स्वित्झर्लंडमध्ये उतरले.

शाँपे या स्विस गावापासून पुढे आर्पेतचा विचारही केला नाही. मोठाल्या दगडांचा, उभा चढ-उतार आणि त्यात बर्फ, म्हणजे दगडांमधल्या पोकळ्यांवर झाकणं. त्याऐवजी बोविनच्या कुरणांवरून जाणारी खालची वाट घेतली. खरं तर प्रदक्षिणेची मूळ वाट तीच आहे, पण आर्पेतच्या फोटोंमुळे अनेकांना ती दुय्यम वाटते. आईंना सगळ्या प्रवासात तोच दिवस सर्वात जास्त आवडला, गायींच्या घंटा आणि खाली दूरवर ऱ्होन नदीची दरी. बाल्म खिंडीत शेवटचे बर्फाचे तुकडे होते, सपाटीवरचे.

शेवटी ब्रेवाँ. शामोनीच्या कार्यालयात विचारल्यावर कळलं की खिंड आणि शिखर यांच्यामधल्या खडकाळ भागात अजून बर्फ आहे. त्या दिवशी खाली ऊन होतं, आकाश निळं, सगळे ताजेतवाने आणि उद्या परतीचं विमान. मुद्दा निघाला तेव्हा बाबांनीच पान काढलं. फ्लेजेरहून प्लाँप्राझपर्यंत चालले, समोर माँ ब्लाँ पूर्ण उघडा, आणि तिथून गोंडोलाने, म्हणजे दोरावरच्या पाळण्याने, खाली उतरले.

राहिलेले तुकडे, म्हणजे बॉनॉम ते सेन्य आणि ग्राँ कोल फेरे, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करायचे असं त्यांचं ठरतं आहे. तेव्हा रेफ्यूज उघडे असतात, जुना बर्फ घळींतून गेलेला असतो, आणि नवा पडलाच तर सहसा पातळ असतो. मी त्यांना त्यासाठीही पान करायला सांगितलं आहे. त्यात बर्फाचे रकाने कमी होतील, दिवसाच्या उजेडाचे तास मात्र जूनपेक्षा अडीच-तीनने घटलेले असतील, तेव्हा वेळेचा रकाना पुन्हा नव्याने भरावा लागेल.